मावशीचा वाफा आणि त्याचे मालक

थोरल्या मावशीने जाताना घर माझ्या नावावर केलं, ते माझ्यावर जीव होता म्हणून नव्हे. बाकी सगळ्यांशी तिचं भांडण झालं होतं. माझ्याशी भांडायला तिला सवड मिळाली नाही, एवढंच.

घराबरोबर पुढच्या भिंतीलगतचा फुलझाडांचा वाफाही आला. त्या वाफ्याचा मावशीला कोण तोरा! फाटकाशी कुणी जरा रेंगाळलं की खिडकीतून ओरडायची, "हात लावायचा नाही! सगळी गल्ली चोरांची आहे." कुणाला कधी एक फांदी तोडून दिली नाही.

भिंतीला ओल आली होती. प्लंबर म्हणाला, फुटका पाइप वाफ्याखालीच आहे, झाडं हलवा. मी कवळ्या बनवते. मला दात ओळखता येतात, झाडं नाही. म्हणून आईला बोलावलं. ती मावशीची धाकटी बहीण, पण दोघींचं बोलणं कित्येक वर्षं जेवढ्यास तेवढंच.

"किती कोंबलंय बघ," कमरेवर हात ठेवून आई म्हणाली. "घरात माणसाला थारा नाही आणि इथे ही गर्दी."

ती पानं चुरगाळून, वास घेऊन एकेकाचं नाव सांगू लागली. लिलीचा पहिला गड्डा वर काढतोय तोच समोरच्या मुख्याध्यापिकाबाई फाटक ढकलून आत आल्या.

"ही माझी लिली."

"कशावरून?"

"पाकळीवरची ही तांबडी रेघ. एका सकाळी कुंडीसकट गेली. कुंडी आहे का बघा."

होती. मागच्या दारी, निळा रंग फासलेली.

मग काय, बातमी फुटली आणि रांगच लागली. जास्वंद कोपऱ्यावरच्या शिंप्याची, नेचा पलीकडच्या नर्सबाईंचा. मावशीने आयुष्यात एक रोप विकत घेतलेलं नव्हतं. रोज कापडी पिशवी घेऊन ती फिरायला जायची, त्या पिशवीचा अर्थ मला आत्ता लागला.

शेवटी औषधांच्या दुकानाचे मालक आले. हाताची घडी घालून त्यांनी वाफाभर नजर फिरवली आणि गुलाबी फुलांच्या एका पुंजक्याकडे बोट दाखवलं.

"ही आमची. परदेशातून कंद मागवले होते मी. फार दुर्मीळ."

आईने एक पान तोडून चावलं, एक माझ्या हातात दिलं. आंबटढाण. आंबुशी! एकदा शिरली की सात जन्म न जाणारं तण. आई तोंड उघडणार तेवढ्यात मी तिला कोपर मारलं.

"न्या की काका, तुमचंच आहे."

"मुळांना धक्का लागता कामा नये हं!"

"छे, छे." एकही कंद मागे राहू नये अशा बेताने मी खोल खणलं आणि मातीचा गोळा ओल्या गोणपाटात बांधून दिला. लढाई जिंकल्यासारखे ते निघून गेले.

गर्दी पांगली. कोपऱ्यात खांद्याइतका वाढलेला अनंत राहिला. त्यावर कुणी हक्क सांगितला नव्हता. आई त्याच्या बुंध्याशी वाकली ती उठेचना.

"हा माझा," ती म्हणाली.

"आता तूही?" मला हसू आलं.

"खोडात रुतलेली तार बघ. मी बांधली होती, फांदी चिरली होती म्हणून. तिने मागितला, मी दिला. पुढे आपल्याकडचा दुसरा वाळला तेव्हा मी तिच्याकडे एक फांदी मागितली. म्हणाली, तू दिलेला केव्हाच मेला. तुझ्या हाताला काही जगतच नाही."

माझं हसू गेलं. आमच्या घरात साधा मनीप्लांटसुद्धा का नव्हता, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं.

"आई, एवढं जुनं झाड हलवलं तर मरेल."

"मरू दे. तिच्या दारात जगण्यापेक्षा बरं."

म्हणाली असं, पण खणलं मात्र बाळंतिणीला उठवावं तसं. आधी कळ्या खुडल्या, फांद्या छाटल्या. मग लांबून गोल चर खणत ती आत आली आणि मुळांचा अख्खा गड्डा गोणपाटात आवळला. टेम्पोत ती पुढे बसलीच नाही, झाडाला धरून मागे उभी राहिली.

तिच्या अंगणात अनंताची सगळी पानं पिवळी पडून गळाली. आई रोज पाणी घालायची आणि घालता घालता बहिणीचा उद्धार करायची. एक दिवस तिचा फोन आला.

"फुटलाय," आई म्हणाली. मग नाक ओढून म्हणाली, "खोटारडी मेली."

औषधवाल्यांची बाग आता आंबुशीने झाकून गेली आहे. दुर्मीळ म्हणून ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना तिचे कंद वाटतात.

पाइप बदलून झाल्यावर मी वाफ्यावर फरशी घातली. झाडं उचलून नेलेली तीच मंडळी जाता-येता फाटकाशी थांबून हळहळतात, "काय सुंदर बाग होती हो तुमच्या मावशीची! तुम्हाला नाही ठेवता आली."