तिचं नाव पडद्यावर नको

सकाळी साडेनऊला गोदामाचं शटर वर गेलं आणि थोरली सून रोजच्यासारखी खिडकीजवळच्या टेबलाशी बसली. कॉम्प्युटर सुरू केला, त्यात आपल्या मेलेल्या नवऱ्याचं नाव टाकलं आणि कामाला लागली.

औषधांच्या त्या घाऊक गोदामात कुठली बॅच आली, कुठल्या दुकानाला गेली, कशाची मुदत संपत आली, सगळं तिला तोंडपाठ. पण कॉम्प्युटरवर नावं फक्त पुरुषांची. नियम सासूबाईंचा. सासरे गेल्यापासून घर आणि गोदाम दोन्ही त्यांच्या मुठीत. चौथीत शाळा सुटलेली, पण जीभ अशी की भल्याभल्यांनी खाली बघावं. नवरा होता तोवर सुनेने त्याच्या नावाने काम केलं. दोन वर्षांपूर्वी तो गेला, तरी नाव त्याचंच चाललं. दुकानदार अजून लिहायचे, साहेब, तुमचं काम चोख. सासूबाई हसून म्हणायच्या, "जिवंतपणी आळशी होता माझा लेक. मेल्यावर बघा कसा राबतोय." सून ऐकून घ्यायची.

हे त्याच घरात होतं, असं समजून कुणी हायसं वाटून घेऊ नये. आपल्या दुकानात, कचेरीत काम कोण करतं आणि नाव कुणाचं लागतं, हे ज्याने त्याने एकदा बघावं.

त्या दिवशी सासूबाईंच्या धाकट्या मुलाने नवा कॉम्प्युटरवाला आणला. त्याने यादी पाहिली नि सांगितलं, गेलेल्या माणसाचं खातं उघडं ठेवणं धोक्याचं, ते बंद करू. वहिनींना त्यांच्या नावाचं काढून देतो, पाच मिनिटांचं काम आहे.

सुनेने मान वर केली. या घरात आल्यापासूनच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा तिने काही मागितलं. "आई, टाकू द्या ना माझं नाव."

सासूबाईंना ते झोंबलं. "विधवा बाईच्या नावाने व्यवहार करायचा? उद्या दारावर पाटी मागशील. ऊठ तिथून, घर सांभाळ."

सून उठली. चष्मा, पाण्याची बाटली पिशवीत टाकली. दारात मात्र ती थांबली. "आई, एवढं तरी करा. कंपन्यांच्या सगळ्या सूचना त्याच खात्यावर येतात. त्या दुसऱ्या कुणाकडे तरी वळवायला सांगा."

सासूबाईंनी ऐकलं. नीट ऐकलं. जाता जाता भाव खातेय, असं मनात म्हणाल्या आणि धाकट्याला त्यातलं अक्षरही सांगितलं नाही. खातं त्याच दिवशी बंद झालं.

पंधरा दिवस काही बिघडलं नाही, तशी त्यांची मान आणखी ताठ झाली. मग दवाखान्यांतून फोन यायला लागले. डोळ्यांत घालायच्या थेंबांची एक बॅच दूषित निघाली होती. नऊ जणांची दृष्टी गेली. आठ परके. नववी गोदामातल्याच गाडीवाल्याची बायको. तिचे डोळे आले म्हणून त्याने इथलीच बाटली घरी नेली होती. सासूबाईंचे कपडे तीच शिवायची. त्या भेटायला गेल्या, तेव्हा ती सवयीने मशीनपुढे बसली होती. पावलं ओळखून म्हणाली, "बाई, तुमची एक बाही लावायची राहिलीय हो. दुसऱ्या कुणाकडून लावून घ्याल?"

बाही तेवढी मुठीत घेऊन सासूबाई परतल्या.

कंपनी म्हणत होती, आम्ही सूचना धाडली होती. दुसऱ्या दिवशी औषध निरीक्षक यायचे होते. धाकट्याने स्वयंपाकघरातच ठरवून टाकलं: सगळं वहिनीच बघायच्या, सूचना आल्याचं त्यांनी सांगितलंच नाही, असं म्हणायचं. त्यांना घरी बसवल्याचा पुरावा कुठाय? नाव तर दादाचं होतं. सून भांडी पुसत होती. तिचा हात थांबला नाही. अकरा वर्षांनी तिचं नाव कागदावर चढणार होतं, ते असं.

गोदामात निरीक्षकांपुढे धाकटा बोलायला लागला; सुनेलाही बोलावलं होतं, नोंदी दाखवायला कॉम्प्युटरवाल्यालाही. दोन वाक्यं झाली असतील.

"खोटं बोलतोय तो," सासूबाई म्हणाल्या. "हिने मला दारात उभं राहून सांगितलं होतं. मी ऐकलं आणि गिळून बसले. माझं नाव लिहा."

धाकटा म्हणाला, आई, तुला कळतंय का तू काय बोलतेयस. त्या त्याच्याकडे वळल्यासुद्धा नाहीत. कॉम्प्युटरवाल्याला म्हणाल्या, "आधी हिचं नाव टाक त्यात."

पाच मिनिटं लागली.

निरीक्षकांनी बंद खात्यावर साचलेल्या सूचना दाखवायला सांगितल्या. सुनेने आपल्या नावाने त्या उघडल्या. तिला घरी पाठवलं, त्याच्या तिसऱ्या दिवशीची तारीख. थेंबांची खोकी गोदामातून गेली होती पाचव्या दिवशी.

सासूबाई पडद्याजवळ वाकल्या. सुनेने वाचून दाखवायला तोंड उघडलं, पण त्यांनी हातानेच थांबवलं. वरची ओळ ठळक होती. बोट ठेवून, अक्षरं जुळवत त्यांनी ती स्वतः वाचली.

"ही बॅच विकू नका."

एवढं तर त्यांनाही वाचता येत होतं.