बालाजीरावांच्या छातीवरची चकती

मी बोलतेय. नाण्याएवढी चकती, मागे वायर आणि वायरीच्या टोकाला आकडा दाखवणारी पेटी, एवढाच माझा संसार. मला कातडीवर चिकटवतात. मी कातडी जराशी ऊन करते आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड किती साठलाय ते बाहेरूनच ओळखते. सुई नाही, रक्त नाही. त्यामुळे मला फारसा मानही नाही. जे टोचत नाही त्याने गुण येत नाही, अशी माणसांची पक्की समजूत आहे.

जन्म परदेशी कारखान्यातला. चेन्नईतल्या एका इस्पितळाने मला हौसेने आणलं आणि कपाटात ठेवलं. मग एकदा नुंगंबाक्कमच्या बालाजीरावांकडे तीन दिवसांसाठी धाडलं.

तंजावरकडचं मराठी घर, तीन पिढ्या शिक्षकांच्या. बालाजीरावांची फुफ्फुसं विड्यांनी खाल्लेली. तीन दिवस आकडे बरे राहिले तर ते घरी राहणार होते, नाहीतर परत इस्पितळ.

"तिथं नको गं आता," ते लेकीला, कीर्तनाला म्हणाले.

इस्पितळातून मला चिकटवायला आलेल्या विजयेंद्रने तिला बजावलं, "बोटावरच्या क्लिपवर रक्तातला ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव टक्के पुरे. नळीतून एकच लिटर सोडायचा. जास्त दिलात तर यांच्या अंगात घातक वायू साठतो. तो ही पेटी दाखवते. आत्ता चोपन्न आहे. साठाच्या वर गेला की फोन करा."

कीर्तनाने फ्रिजवर कागद लावला. त्यावर क्लिपचे आकडे आले, एक लिटर आला. मी राहून गेले.

दुसऱ्या दिवशी ती अड्यारला ऑफिसात गेली आणि तांबरमहून कृष्णवेणी अक्का सोबतीला आल्या. बालाजीरावांची थोरली बहीण, गणिताच्या निवृत्त शिक्षिका.

"किती आले रे, बाळू?"

"एकोणनव्वद, अक्का."

"अय्यो! आपल्या घरात एकोणनव्वद?"

"डॉक्टर म्हणतात, पुरे."

"ते पास होण्यापुरतं सांगतात. पहिल्या नंबराचं कोण सांगतं?"

त्यांनी ऑक्सिजनचा खटका एकावरून तीनवर नेला. क्लिपवर सत्त्याण्णव उमटले. अक्कांचा चेहरा उजळला. इकडे मी चोपन्नाची साठ झाले, साठाची अडुसष्ट. मी किंचाळू लागले.

अक्कांनी चष्मा सारखा केला. "बघ, हेही वाढले! दोन्ही विषयांत सुधारलास." बाळूचे डोळे मिटले होते. "झोपलाय वाटतं," असं म्हणून त्यांनी बटण दाबून माझी घंटा बंद केली, त्याच्या अंगावर चादर ओढली आणि पडदा लावला. मग फोनवर चार नातेवाइकांना सांगितलं, "किती दिवसांनी असा गाढ झोपलाय." चौघांनाही बरं वाटलं.

संध्याकाळी कीर्तना आली तेव्हा माझ्यावर एक्क्याण्णव होते. तिने हाका मारल्या, खांदे हलवले. ॲम्ब्युलन्स आली. नको होतं त्याच इस्पितळात दुसऱ्या दिवशी सकाळी बालाजीराव गेले.

डॉक्टरांनी माझ्या नोंदीचा कागद टेबलावर पसरला. रेघ एका जागी उभीच चढली होती. "काल दोन वाजून दहा मिनिटांनी काय झालं?"

कीर्तनाने अक्कांकडे पाहिलं.

"मार्क वाढतच होते हो, डॉक्टर," अक्का म्हणाल्या.

"या विषयात कमी हवेत, अम्मा."

जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांवर तांबडी रेघ मारलेल्या त्या बाई कागदाकडे बघत राहिल्या.

आता विजयेंद्रने मला स्पिरिटने पुसलंय. उद्या दुसरं घर. मी बसते तिथे कातडीवर एक तांबडा गोल उठतो. जिवंत माणसाचा एक-दोन दिवसांत जातो. बालाजीरावांचा त्यांच्याबरोबर चितेवर गेला.

तुमच्याकडे आले तर इतकंच करा. मी ओरडले की गळा दाबण्याआधी फोन उचला. आणि माझा आकडा वाढला म्हणून मला शाबासकी देऊ नका.