झाकणाच्या आतल्या खुणा

पुलापलीकडच्या नव्या चौकात साडूचं दुकान उघडलं त्याला एकोणीस वर्षं झाली, आणि घड्याळजींच्या पोटात दुखायला लागलं त्यालाही तितकीच.

आधी तिकडे काहीच नव्हतं. पाणथळ माळ, एक बंद पडलेली वीटभट्टी आणि बेडकं. तिथे शहराचं नवं केंद्र होणार, अशी पाटी नगरपालिकेने लावली तेव्हा बायको म्हणाली होती, "आपणही एक गाळा घेऊ या."

घड्याळजी हसले होते. "घेऊ की. बेडकांच्या घड्याळांना सेल घालत बसू."

हा विनोद त्यांना इतका आवडला की वर्षभर त्यांनी तो भेटेल त्याला ऐकवला. साडूलाही ऐकवला. साडू पोट धरून हसला, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन गाळ्याचा अर्ज भरून आला.

मग पालिकेची कचेरी तिकडे गेली. कचेरीमागे वकील गेले, वकिलांमागे झेरॉक्सवाले, झेरॉक्सवाल्यांमागे चहावाले. मग मोठा दवाखाना आला, सिनेमा आला, काचेच्या इमारती आल्या. दहा वर्षांत अशी गत झाली की जुन्या बाजारातली माणसंसुद्धा पूल ओलांडताना "जरा शहरात जाऊन येतो" म्हणू लागली. म्हणजे घड्याळजी इतकी वर्षं काय रानात बसले होते? कुणी त्यांच्या दुकानाचा पत्ता विचारला तर लोक सांगत, "ते होय, ते मागच्या बाजूला." आधी जो शहराचा दर्शनी बाजार होता, त्याची आता मागची बाजू झाली होती. दुकान मात्र जागचं हललं नव्हतं.

तरी घड्याळजींच्या हातात एक हुकमाचं पान होतं. "साडूकडे नुसती काच आहे," ते म्हणायचे, "काम माझ्याकडे आहे. माझ्या हातचं घड्याळ कधी परत येत नाही." बायको होती तोवर ते खरंही होतं. ती गेली त्याला सात महिने झाले आणि या सात महिन्यांत अकरा घड्याळं परत आली. घड्याळजी हल्लीच्या हलक्या सेलना शिव्या देत होते, हलक्या स्क्रूंना शिव्या देत होते. घरी गेल्यावर ज्याला ऐकवायच्या, ते माणूसच उरलं नव्हतं.

अशात एका दुपारी मेहुणी आली. साडूची बायको, म्हणजे बायकोची सख्खी धाकटी बहीण.

"भाऊजी, ताईचं मनगटी घड्याळ मला द्याल? आठवण म्हणून."

नाही कसं म्हणणार? पण मनात आलं ते आलंच. गाळा त्याचा, गिऱ्हाईक त्याचं, आता हिचं घड्याळही त्याच्याच घरात जाणार.

"बंद पडलंय," ते म्हणाले. "साफ करून देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घड्याळ टेबलावर घेतलं. चावीचं, छोटं, पट्टा तिच्या मनगटाच्या मापाला वाकलेला. डोळ्याला भिंग लावलं आणि मागचं झाकण उघडलं.

या धंद्यात एक रीत आहे. घड्याळ दुरुस्त केलं की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने आपली खूण आणि तारीख कोरायची. घालणाऱ्याला ती जन्मात दिसत नाही, पण पुढच्या कारागिराला कळतं की आपल्याआधी कोण आत येऊन गेलं. घड्याळजींची खूण गोल. साडूची त्रिकोण. साडूला हा धंदा त्यांनीच शिकवलेला, आणि त्रिकोणही त्यांनीच दिलेला.

झाकणात सात गोल होते. सगळे आपले, सगळ्या तारखा आठवणीतल्या. त्यांच्याखाली तीन त्रिकोण होते. तिच्या अखेरच्या तीन वर्षांतले. शेवटचा ती आजारी पडायच्या महिनाभर आधीचा.

घड्याळजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळं गाव साडूकडे गेलं तरी त्यांनी सोसलं असतं. पण घरात घड्याळजी असताना बायकोने घड्याळ दाखवायला पूल ओलांडावा?

त्यांनी दुकान बंद केलं, घड्याळ आणि झाकण रुमालात बांधलं आणि चालत निघाले.

साडूच्या दुकानाच्या उद्घाटनानंतर ते चौकात फिरकले नव्हते. आता तिथे दगडी फरशी होती, लोखंडी जाळीत उभी केलेली झाडं होती, आणि पाठ नसलेली बाकं होती, ज्यांवर कुणी पाच मिनिटांच्या वर बसत नव्हतं. प्रत्येक जण कुठेतरी पोचायला निघालेला. बेडकांचं नावनिशाण नव्हतं.

साडूच्या दारात नंबराची चिठ्ठी देणारं यंत्र होतं.

"दादा!" साडू आतून ओरडला. "या, या! तुम्हाला नंबर घ्यायची गरज नाही."

"नंबर? मी? तुझ्याकडे?" घड्याळजींनी काचेवर रुमाल सोडला. "हे काय आहे?"

साडूने भिंग लावलं. बराच वेळ काढलं नाही. "त्रिकोण आहे."

"ते मला दिसतंय. मीच शिकवलाय तो. ती तुझ्याकडे का आली? माझ्या कामात काय खोट होती?"

गिऱ्हाइकं बघायला लागली. साडूने त्यांना आतल्या खोलीत नेलं, खिडकीपाशी स्टुलावर बसवलं.

"ताई दर गुरुवारी यायची, दादा."

"दर गुरुवारी? एका घड्याळासाठी?"

"स्वतःचं घेऊन तीनदाच आली. एरवी तुमची घेऊन यायची. गिऱ्हाइकांची. परत आलेली."

"माझं घड्याळ परत येत नाही."

"येत होतं. दुपारी तुम्ही घरी जेवून पडायचात, ताई दुकानात बसायची. लोकांना तिने सांगूनच ठेवलेलं, तक्रार असेल तर दुपारी या. पिशवीत घालून इकडे आणायची. मी नीट करायचो. त्यांत मला खूण करू द्यायची नाही, तुम्ही पुन्हा उघडलं तर दिसेल म्हणून." साडूने आवाज खाली आणला. "तुमचा हात थरथरतो, दादा. चार वर्षं होत आली."

"थंडीने थरथरतो."

"उन्हाळ्यातसुद्धा?"

घड्याळजींनी उजवा हात खिशात घातला. अकरा घड्याळं. सात महिने. सेल बिचारे चांगलेच होते म्हणायचे.

"मग हिच्या घड्याळात खूण का केलीस?"

"ताईच म्हणाली, कर. म्हणाली, मी असेपर्यंत हे काही आता त्यांच्या हातात पडत नाही. मागाहून कळलं तर कळू दे."

घड्याळजी स्टुलावरच खिडकीकडे वळले. मग एकदम विचारलं, "किती वेळ बसायची?"

"काम होईपर्यंत. अर्धा तास."

"कुठे?"

"तुम्ही बसलाय तिथेच."

"बोलायची काय?"

"तुमच्या तक्रारी." साडूला हसू आवरेना. "घोरतात, ऐकत नाहीत, गाळा घेतला नाही. शेजारचं चष्म्याचं दुकान आहे ना, ते दाखवायची. म्हणायची, हे आमचं व्हायचं होतं, पण आमच्यात बेडूक आडवा आला."

हा त्यांचा विनोद होता, आणि तिने तो त्यांच्यावरच उलटवून इथे सांगितला होता. त्यांना मात्र तो तिने कधी ऐकवला नव्हता. तीन वर्षं, दर गुरुवारी अर्धा तास. त्यांनी मनात हिशेब केला. तीन दिवसांहून जास्त भरत होतं. तिचे जागे, बोलते, हसते तीन दिवस साडूकडे होते आणि त्यांच्याकडे नव्हते. गाळ्यासाठी ते एकोणीस वर्षं जळले होते. या तीन दिवसांपुढे तो गाळा कुणी फुकट दिला असता तरी त्यांनी घेतला नसता.

"साफ करून देऊ?" साडूने घड्याळाकडे बोट केलं.

"दे."

"खूण?"

"कर. आणि तुझ्या बायकोला सांग, हे घड्याळ काही मिळायचं नाही. साड्या ने, भांडी ने, दुसरं काहीही माग म्हणावं." ते उठले. "आणि हे स्टूल डुगडुगतंय. एवढा मोठा दुकानदार झालास, चार पाय सारखे करता येत नाहीत?"

पुढच्या गुरुवारी एक वाजता ते पुन्हा आले. खांद्याला तिची कापडी पिशवी, पिशवीत परत आलेली तीन घड्याळं. साडूने आतून हाक मारली, "दादा, सरळ आत या!"

घड्याळजींनी ऐकलं नाही. यंत्रातून चिठ्ठी घेतली. सत्तावीस नंबर होता; काउंटरवर एकोणीस चालला होता. मग ते आतल्या खोलीत खिडकीपाशी जाऊन स्टुलावर बसले. स्टूल अजून डुगडुगतच होतं. पुढे बरीच माणसं होती, ते बरंच झालं. ती अर्धा तास बसायची. त्यांना तिच्याहून जास्त बसायचं होतं.