दारावरच्या दोन लाल चिंध्या

माझ्या गाडीच्या दाराला दोन लाल चिंध्या बांधलेल्या आहेत. नवीन माणूस विचारतोच, हा कसला तोडगा? तोडगा कसला डोंबलाचा. मी दोनदा चुकले, त्या चुका आहेत त्या, चारचौघांत लटकवलेल्या.

सेबोकेंग ह्या आमच्या गावातल्या जुन्या बस डेपोच्या आवारात दर रविवारी दुपारी आमचं रिंगण भरतं. भोवती जुन्या टायरांची कंबरभर भिंत, भिंतीवर बसलेलं निम्मं गाव, आणि मध्ये ओल्या डांबरावर एकेक जण आपली गाडी गरगर फिरवतो. गाडी बहुतेक एकच, चौकोनी तोंडाची, सहा सिलिंडरची, आमच्याकडे सगळे तिला गुशेशे म्हणतात. तिची सगळी ताकद मागच्या चाकांत. माझी मामाच्या परसात सात वर्षं उभी होती आणि आत कोंबड्या अंडी घालायच्या. मामा म्हणाला, ने बाई, पण कोंबड्यांची सोय तू कर. मी खुराडं बांधून दिलं आणि गाडी आणली.

आठवडाभर मी शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते, चाळीसच्या वर काटा जाऊ न देता. चौदा मुलं, चौदा डबे, आणि एक तरी रोज उलटी करणार. रविवार माझा स्वतःचा. आणि मला रिंगणाचा नंबर हवा होता. तो दारावर रंगवून मिळतो, पण फुकट नाही. गाडी फिरत असताना दार उघडून खाली उतरायचं, गाडी आपली आपण गोल फिरत राहिली पाहिजे, तिच्याबरोबर एक फेरी चालायचं आणि पुन्हा आत बसायचं. आमच्या रिंगणात नऊ जणांना नंबर मिळाला होता. नऊच्या नऊ पुरुष.

नंबर द्यायचा की नाही हे न्ताते खाबेले ठरवायचे. न्ताते म्हणजे बाबा, मोठ्या माणसाला आम्ही तसंच म्हणतो. सत्तरी गाठलेला माणूस, एक गुडघा कामातून गेलेला, बोलणं मोजून. रिंगण त्यांनीच उभं केलं आणि नियमही त्यांचाच: गाडी ताब्यातून सुटली, की दाराला लाल चिंधी. फेरी अर्धी टाकून थांबलात तरी चिंधी. आणि तिसरी चिंधी बांधली, की किल्ली खिशात घालून घरी जायचं, पुन्हा ह्या फाटकातून आत यायचं नाही. तीन जण असे गेले होते. त्यातला एक अजून रविवारी फाटकाबाहेर उभा राहून बघतो.

माझी पहिली चिंधी तिसऱ्याच रविवारची. गाडी छान फिरत होती, आणि अचानक टायरांची भिंत अंगावर आल्यासारखी दिसली. मी गॅसच्या पेडलवरचा पाय उचलला. कोणीही उचलेल. पण ह्या गाडीला तेच चालत नाही. पाय उचलला की घसरणारी मागची चाकं एकदम जमीन पकडतात, आणि तोंड ज्या दिशेला असेल त्या दिशेला गाडी सुटते. माझी सुटली ती सरळ भिंतीत. बसलेले लोक उड्या मारून पळाले म्हणून वाचले.

न्ताते ओरडले नाहीत. म्हणाले, बूट काढ. आमच्या रिंगणाची ही रीतच आहे. गाडी सुटली की दुसरी गाडी आत येण्याआधी आपल्याच चाकांच्या खुणांवरून अनवाणी चालायचं, पहिल्या फेरीपासून चूक झाली तिथपर्यंत. डांबर तापलेलं, रबराचा चिकट थर तळव्यांना लागतो. चालता चालता एके ठिकाणी काळी रेघ अचानक फिकी झाली. न्तातेंनी काठी टेकवली.

"इथं तू घाबरलीस," ते म्हणाले. "भिंत तर अजून चार पावलं लांब होती."

दुसरी चिंधी मोकेटेमुळे, असं मी बरेच दिवस सगळ्यांना सांगत होते. मोकेटे म्हणजे आमचा सात नंबरवाला. हात सोन्याचा, तोंड गटाराचं. भिंतीवर आत पाय सोडून बसायचा, पायात दर महिन्याला नवे पांढरे बूट, आणि मी आत आले की सुरू. औसी, व्हॅनमधली मुलं उतरवलीस का? औसी, चाळीसच्या वर गेलीस तर पोलीस येतील हं. ताई ताई म्हणून असं बोलायचं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याला दाखवायला मी गॅस दाबत गेले. रिंगणाची एक बाजू एव्हाना वाळली होती, ते मला हातातल्या स्टिअरिंगनं सांगितलं होतं, पण माझा कान मोकेटेकडे. कोरड्यावर चाक आलं, गाडी उसळली आणि भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबली. तिथं माग्विन्या, म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, विकणारी बाई बसते. तेलाची कढई हलली, पण उलटली नाही.

मी म्हटलं, न्ताते, कुठं लागलं नाही, चिंधी कशाला? त्यांनी चिंधी बांधली, गाठ घट्ट केली आणि म्हणाले, "वाचलीस ती नशिबानं. त्याची चिंधी वेगळी थोडीच असते."

त्या रात्री मी खूप रडले. रागानं, दुसरं काही नाही. सकाळी उठले आणि ठरवलं, की नंबर घेतल्याशिवाय मी ह्या रिंगणातून जाणार नाही. सहा महिने सराव केला. कानात कापूस घालून. इंजिनाचा आवाज नाही, लोकांचा नाही, फक्त तळहाताला काय कळतं ते बघायचं. ओलं लागतं तेव्हा स्टिअरिंग मऊ असतं, कोरडं लागलं की ओढ घेतं. पाय मात्र उचलायचा नाही. पायाला मी मनातल्या मनात शिव्या देऊन जागेवर बसवलं.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी मी न्तातेंना सांगितलं, आज उतरते. त्यांनी नुसती मान हलवली. त्यांच्या कोटाच्या खिशातून लाल कापडाचं टोक दिसत होतं. मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलंच.

डांबरावर पाणी मारलं. मी आत गेले. पहिल्या चार फेऱ्या अशा झाल्या, की माझी मलाच नजर लागावी. भिंत अंगावर आली, पाय हलला नाही. धुराचा भपकारा आत आला, पाय हलला नाही. लोक उभे राहिले. पाचव्या फेरीला उतरायचं होतं. गॅस जागेवर धरून ठेवणारी कळ मी ओढली, पट्टा सोडला, दार उघडलं. एक पाय बाहेर काढला. सगळे ओरडत होते, उतर, उतर, आणि सगळ्यांच्या वर मोकेटेचा आवाज, उतर औसी, की व्हॅनचा दरवाजा वेगळा असतो?

आणि तळहाताला काहीतरी लागलं. काय ते सांगता येत नाही. स्टिअरिंग वळायचं ते वळत होतं, पण गाडी त्याच्यामागून जरा उशिरा वळत होती. नुकत्याच झोपेतून उठलेल्या माणसाला हाक मारावी, तसं. ओलं नाही, कोरडंही नाही. हे मला ओळखीचं नव्हतं.

एक पाय बाहेर होता. उतरले असते तर नंबर माझा होता. थांबले असते तर तिसरी चिंधी. मी पाय आत घेतला, क्लच दाबला, ब्रेक दाबला, कळ सोडली आणि किल्ली फिरवली. गाडी रिंगणाच्या मधोमध उभी राहिली.

असा हशा मी आयुष्यात ऐकला नाही. मोकेटे तर भिंतीवर आडवा झाला होता. मी उतरून चारी टायर बघितले. चारही धड दिसत होते. डाव्या पुढच्या चाकाला लाथ मारली, तेही टणक वाटलं.  म्हणजे मी पुन्हा घाबरलेच होते की काय? सहा महिने जिला शिव्या दिल्या ती भीती पायातून निघून हातात येऊन बसली होती?

न्ताते लंगडत आत आले. माझ्याकडे न बघता त्यांनी स्वतःचे बूट काढले, मोजे काढून त्यात घातले आणि माझ्या खुणांवरून चालायला लागले. त्यांना स्वतः चालताना मी कधी पाहिलं नव्हतं. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. चौथीला ते थांबले, वाकले आणि बोटानं डांबर चाचपलं. मग मला हाक मारली.

तिथपर्यंत डाव्या पुढच्या चाकाची रेघ एकच होती. तिथून पुढं तिच्या दोन झाल्या होत्या, समांतर, मध्ये कोरी जागा. टायरमधली हवा चालली की तो मधून पोकळ पडतो आणि दोन कडांवर धावतो. बाहेरून बघून कळत नाही. लाथ मारूनही नाही. आणि त्या दुहेरी रेघेची पाचवी फेरी चौथीपेक्षा हातभर बाहेर गेलेली.

"आत कोणी नसतं तर पुढच्या अर्ध्या फेरीत वळायची थांबली असती," न्ताते म्हणाले. "मग कुठं गेली असती, बघू."

गाडीनं गोल सोडला असता त्या जागी ते उभे राहिले, आणि तिथून सरळ चालायला लागले. अनवाणी, काठी टेकत, एकेक पाऊल. हशा हळूहळू बसत गेला. ते भिंतीपर्यंत गेले आणि त्यांच्या पायाचा अंगठा एका पांढऱ्या बुटाला लागला. मोकेटेनं आधी बुटाकडे बघितलं, मग मागं माझ्या गाडीकडे. मग एकेक करून दोन्ही पाय भिंतीवरून वर घेतले. त्या दिवसापासून त्यानं पाय आत सोडलेले नाहीत.

न्तातेंनी खिशातली चिंधी काढली.  त्यांनी तिनं आपल्या तळव्यांचं काळं पुसलं, मोजे चढवले आणि म्हणाले, "टायर बदल. पुढच्या रविवारी उतर."

सोमवारी सकाळी माझ्या फाटकापाशी दोन टायर ठेवलेले होते, पुढच्या चाकांचे, जवळजवळ नवे. कोणी ठेवले ते मी विचारलं नाही. एकावर आतल्या बाजूला खडूनं सात आकडा होता.

पुढच्या रविवारी मी पाचव्या फेरीला दार उघडलं आणि उतरले. गाडी माझ्या शेजारून गोल फिरत राहिली, मी तिच्या दारावर हात ठेवून एक फेरी चालले आणि परत आत बसले. दहा नंबर माझा. तो रंगवताना न्तातेंनी दाराच्या चिंध्यांची गाठ सोडायला हात घातला. नंबर मिळाला की त्या काढतात, अशी रीत आहे. मी त्यांचा हात धरला.

"राहू द्या, न्ताते," मी म्हटलं. "ह्या दोन नसत्या, तर त्या दिवशी मी उतरले असते."