परतीच्या वाटेवरची दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे. माझ्या काचेवर चरे आहेत, पट्टा दोनदा शिवलेला आहे. कालपर्यंत माझा मुक्काम रियाधला, रुकय्या नर्सच्या कपाटात, बिर्याणीच्या पातेल्यामागे होता. दुर्बिणीने दोन वर्षं पातेल्याची पाठ बघावी, यावर हसायचं की रडायचं, तुम्हीच सांगा.

मित्रांनो, माझं खरं घर म्हणजे केनियातलं सदाहरित जंगल. तिथल्या गावाने लाकूडतोड सोडली आणि पाहुण्यांना जंगल दाखवायला सुरुवात केली. गावात दुर्बीण एकच, मी! म्हातारा वाटाड्या वेकेसा मला सदऱ्याच्या टोकाने पुसायचा. माकडांच्या पांढऱ्या झुबकेदार शेपट्या, धनेश पक्ष्याची ढोली, सगळं मीच दाखवायचे.

एकदा रुकय्या सहलीला आली. धनेश दिसताच ओरडली, "या अल्ला, हा तर आमच्या चिपळूणचा!" निघताना गाडीची घाई झाली आणि मी तिच्या ओढणीखाली गळ्यातच राहिले. विमानतळावर लक्षात आलं, तेव्हा बिचारी रडवेली झाली. तिने लगेच फोन करून वेकेसाची माफी मागितली.

मग मला परत का नाही पाठवलं? कोकणात शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. माझ्यासोबतही काहीतरी जायलाच हवं होतं. खजूर आणले, ते नवऱ्याने, जलालने, संपवले. अत्तर आणलं, ते नणंदेला गेलं. मला वेकेसाच्या सदऱ्याची फार आठवण यायची.

परवा वेकेसाचा निरोप फोनवर आला. "धनेशाची मादी ढोलीत बसली आहे. पिल्लू बाहेर येताना बघायला शाळेतली मुलं येणार आहेत. माझी नजर अधू झाली, मला ढोलीच दिसत नाही. दुर्बीण कधी येईल?"

"अम्मी, कल ही भेजो ना!" लेक लाइबा म्हणाली.

"रिकामी कशी पाठवू गो?"

"अम्मी, उनको खजूर नहीं, दुर्बीन चाहिए."

रुकय्याने कपाट उघडून पातेलं बाजूला सारलं. मग तिने मला बाहेर काढलं आणि ओढणीच्या टोकाने पुसलं, अगदी वेकेसासारखं.

तिच्या वॉर्डातली केनियन नर्स आज सुट्टीवर निघाली आहे. मी तिच्या बॅगेत आहे. सोबत खजुराचा एक दाणासुद्धा नाही. पिल्लू उडायच्या आत मी पोचेन ना?

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू रिकाम्या हाताने परत केलीत तरी चालेल. पण लवकर करा. तिकडे कुणीतरी डोळे बारीक करून झाडाकडे बघत उभं असतं.