अजून एक आटा

काकांच्या मते जगातली प्रत्येक गोष्ट एक आटा सैल होती. नळ, बरणीचं झाकण, खुर्चीचा स्क्रू, त्यांच्या पुतणीचं, धाकटीचं, डोकं. दिसलं की पक्कड घ्यायची आणि "अजून एक आटा!" म्हणत पिळायचं. घरातली एकही बरणी काकांशिवाय उघडत नसे, आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान!

त्यामुळे बाथरूमला लागून असलेली धाकटीच्या खोलीची भिंत फुगून पोपडे सोडायला लागली, तेव्हा निदान काकांनीच केलं. सगळे नळ बंद करून ते पाण्याच्या मीटरसमोर दहा मिनिटं हाताची घडी घालून उभे राहिले.

"काटा ढिम्म हलला नाही. पाइप ठणठणीत आहे. ही अर्धा अर्धा तास भिंतींना आंघोळ घालते, त्याची ओल आहे ही."

मग त्यांनी फरशांच्या फटींत तीनदा पांढरं सिमेंट भरलं. तीनदा काही उपयोग झाला नाही, तेव्हा निकाल लागला: रविवारपर्यंत ओल थांबली नाही तर धाकटीने बैठकीत झोपायचं आणि खोलीत काकांचे बंद पडलेले पंखे ठेवायचे. ओल्या भिंतीशेजारी पंखे ठेवणारा हा माणूस घरातला हुशार!

चौदा वर्षं बैठकीत झोपून मिळालेली खोली. आतून कडी लागणारी. धाकटीने बाबांकडे पाहिलं.

"दादा म्हणतोय तर..." बाबा पेपरच्या आड गेले. पेपर कालचा होता.

मग तिने डोकं चालवलं. तीन दिवस बादलीने आंघोळ केली, मुद्दाम भिंतींवर पाणी उडवत. पोपडे कोरडे. चौथ्या दिवशी शॉवर सोडला, पण खाली बादली धरून, भिंतीवर थेंबही न उडू देता. संध्याकाळी भिंत ओलीगच्च.

"काका, शॉवर चालू असला तरच गळतंय."

"पुस्तकं वाच, पुस्तकं. पाइप तुझ्या बापालाही कळत नाहीत."

पाइप काकांना कळत होते म्हणून तर ही वेळ आली होती! शनिवारी तिने स्वतःच प्लंबरला फोन करून सगळं सांगितलं.

प्लंबरने शॉवर काढून त्या जागी बूच लावलं आणि तिला शॉवरचा नळ उघडायला सांगितलं. बाहेर थेंबही आला नाही.

"साहेब, आता मीटर बघा जरा."

काका गेले आणि परत आले. "फिरतोय," ते भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाले.

"फिरणारच. वरच्या पाइपात दाब येतो तो शॉवर सोडल्यावर. सगळं बंद करून बघितलं तर काय दिसणार?"

"तेच म्हणत होते मी!" धाकटी म्हणाली.

प्लंबरने तिच्या खोलीतून, शॉवरच्या उंचीवर, ताटाएवढं प्लास्टर फोडलं. आत प्लास्टिकचा एल्बो, शॉवरची नळी जिथे बसते तो पाइपाचा कोपरा, उभा चिरला होता.

"कोणी पिळलाय हो इतका? शॉवरच्या नळीच्या पितळी आट्यांनी फाटलाय बिचारा."

"भाऊजी," आई म्हणाली, "शॉवर मागच्या वर्षी तुम्हीच बसवलात ना?"

"हल्ली मालच फालतू येतो."

प्लंबरने पितळी आट्यांचा नवा एल्बो लावला, टेप गुंडाळून शॉवरची नळी हाताने बसवली आणि पान्याने जेमतेम घट्ट केली. पुन्हा बूच, पुन्हा नळ. या वेळी मीटरवर बाबा गेले. पेपर न घेता!

"काटा जागेवर आहे," ते बाहेरून ओरडले. "दादा, पंखे तुझ्याच खोलीत ठेव."

बूच निघालं, शॉवर लागला. तेवढ्यात काका पक्कड घेऊन बाथरूममध्ये शिरले. "सैल वाटतंय मला. अजून एक..."

धाकटीने त्यांच्या हातातून पक्कड अलगद काढून घेतली.

"ही आता माझ्या खोलीत राहील."

ती आत गेली आणि तिने कडी लावली. जेवढी लागते तेवढीच.