डर्बीच्या दिवशी सिंकखाली

डर्बीच्या, म्हणजे शहरातल्या दोन फुटबॉल क्लबांच्या सामन्याच्या, आठवड्यात आमच्या कॉफीबारमध्ये कुणी "आपण जिंकणार" असं म्हणालं, तर त्याला कपासकट बाहेर काढतात. म्हणायचं ते असं: "चार गोल खाणार." "चार कसले, सहा!" "आपल्या गोलकीपरला बॉल दाखवून ठेवा रे कुणीतरी, ओळख तरी होऊ दे." परक्या माणसाला वाटेल, ही सगळी साम्पदोरियाची मंडळी असावीत. छे! सगळे हाडाचे जेनोआवाले. पण आमच्या शहरात क्लब दोन, स्टेडियम एक आणि कायदाही एकच: जे मनापासून हवं असतं ते तोंडातून काढायचं नाही. काढलं की दृष्ट लागलीच. चुकून कुणी बोललंच, तर ताबडतोब लोखंडाला हात लावायचा. लोखंड जवळ नसलं की पुरुष आणखी कुठे हात लावतात ते मी सांगत बसत नाही. मला त्यांच्या हातात कप द्यायचे असतात.

बार स्टेडियमच्या मागच्या गल्लीत आहे. पूर्वी तो बाबांचा होता, आता माझा आहे, आणि बाबा कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून मी कॉफी कशी बिघडवते ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. सोबतीला त्यांचे दोन दोस्त. इवो बंदरावर क्रेन चालवायचा आणि फुल्वियो बस. आता दोघे मिळून माझं डोकं चालवतात.

त्या साली डर्बी रविवारी दुपारी होती आणि सोमवारी सकाळी बाबांना इस्पितळात दाखल करायचं होतं. हृदयाची झडप बदलायची होती. जिना चढताना ते मधेच थांबायचे आणि भिंतीवरचा रंग बघतोय असं सोंग करायचे. ऑपरेशन झालं नाही तर पुढचा हिवाळा निघणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तेवढंच सांगून गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं! पण माणूस तरुण, उमदा आणि डोंगरातल्या कुठल्याशा गावचा, जिथे लोक फुटबॉल सोडून बर्फावरून घसरतात. निघताना त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हसून म्हणाले, "अगदी निश्चिंत राहा, आमेदेओ. सगळं उत्तम होणार. मी खात्रीनं सांगतो."

बाबांनी खाटेचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरला.

घरी पोचल्यावर बाबा दारात म्हणाले, "संपलं. त्या पोरानं दृष्ट लावली. मी सोमवारी जात नाही."

मी समजावलं, ओरडले, भांडी आपटली. इवो आणि फुल्वियोला सांगितलं, तुम्ही तरी बोला. त्या दोघांनी सगळी हकिगत ऐकली आणि इवो गंभीर चेहऱ्यानं मला म्हणाला, "खात्रीनं म्हणाला? 'खात्रीनं' हाच शब्द? मग पोरी, तुझ्या बापाचं बरोबर आहे."

शेवटी मी डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, एक काम करा. बाबांना फोन करून सांगा की ऑपरेशन वाईट होणार."

"का? काही त्रास होतोय का त्यांना?"

"नाही हो. तुम्ही चांगलं बोललात ना, ते परत घ्यायचंय."

मग ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, या काळात घरच्यांवरही ताण येतो. आमच्याकडे एक समुपदेशक आहेत..."

मी फोन ठेवला. शुक्रवारी संध्याकाळी बार रिकामा असताना बाबा आपणहून म्हणाले, "देल्फिना, दृष्टीचं राहू दे. मला भीती वाटते गं." इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, पण हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. धीर द्यावा तर तोच गुन्हा. मी त्यांच्या पुढ्यातलं टेबल पुसत राहिले, आधीच स्वच्छ होतं तरी.

रविवार उजाडला. मागची डर्बी आम्ही जिंकलो होतो, त्यामुळे आज सगळं तेव्हासारखंच हवं होतं. फुल्वियो तोच लोकरी स्वेटर घालून आला. बाहेर उकडत होतं, तो घामानं निथळत होता, पण बटण काढेल तर शपथ. इवोनं तीच खुर्ची पकडली, जिचा पाय डुगडुगतो. एकच गोष्ट कमी होती: प्लंबर. मागच्या वेळी ऐन सामन्यात काउंटरमागचं सिंक गळायला लागलं होतं. फोन केल्यावर एक अनोळखी प्लंबर आला, आणि त्याचं डोकं सिंकखाली व पाय बाहेर असताना आमचा गोल झाला होता.

"त्याला बोलवा," फुल्वियो म्हणाला.

"सिंकला काय धाड भरलीय? चांगलं चाललंय की," मी म्हणाले.

तेवढ्यात माझ्या चपलेत पाणी शिरलं. वाकून बघते तर जोड ढिला केलेला, आणि पाना इवोच्या खिशातून डोकावत होता.

तो प्लंबर, साव्हेरियो, सामन्याच्या अर्धा तास आधी आला. चाळिशीचा, जाडजूड, रविवारी बोलावलं म्हणून कुरकुरणारा. त्याला पाहून म्हाताऱ्यांना एवढा आनंद झाला की तो बिचारा गांगरला. फुल्वियोनं त्याची पिशवी धरली, इवोनं त्याला सिंकखाली जवळजवळ ढकललंच.

"जरा डावीकडे," इवो म्हणाला. "मागच्या वेळी तुमचा उजवा पाय फ्रीजला टेकला होता."

"काय?"

"काही नाही. तुमचं चालू द्या."

साव्हेरियो आत सरकला, त्याचा शर्ट वर सरकला, आणि कमरेवर गोंदलेला खलाशी आम्हा सर्वांना दिसला. दाढीवाला, तोंडात चिलीम. साम्पदोरियाच्या बिल्ल्यावरचा खलाशी! माझ्या बारमध्ये, डर्बीच्या दिवशी, माझ्याच सिंकखाली!

इवोचा चेहरा पांढरा पडला. फुल्वियोनं एक हात फ्रीजच्या दांड्याला लावला आणि दुसरा कुठे लावला ते मी पाहिलं नाही.

"बाहेर ये," बाबा म्हणाले.

साव्हेरियो बाहेर आला आणि सगळ्यांच्या नजरा पाहून समजला. "हो, आहे मी तिकडचा," शर्ट खाली ओढत तो म्हणाला. "घोटभर पाणी तरी द्याल की तेही नाही?"

"मग स्टेडियममध्ये का नाहीस?" बाबांनी विचारलं.

"मित्र येऊ देत नाहीत, काका." त्याचा आवाज उतरला. "मी जे बोलतो त्याच्या उलट होतं. लहानपणापासून. मागच्या वेळी इथेच, या सिंकखाली, माझ्या तोंडून निघून गेलं की आज जेनोआ मार खाणार. पाच मिनिटांत तुमचा गोल! मित्रांनी महिनाभर माझ्याशी अबोला धरला. यंदा त्यांनी एकच काम दिलंय: शिट्टी वाजायच्या आत म्हणायचं की जेनोआ जिंकणार. एकदाच. एका दिवसाला माझं एकच बोलणं चालतं, दुसरं फुकट जातं."

"म्हटलंस का?" फुल्वियो घाबऱ्या घाबऱ्या म्हणाला.

"अजून नाही."

"याच्या तोंडात बोळा कोंबा रे!" इवो खुर्चीवरून उठला आणि तिच्या डुगडुगत्या पायामुळे परत बसला.

मला पुढचं काही ऐकू येईना. मी पुढे होऊन साव्हेरियोच्या बाहीला धरलं. "भाऊ, उद्या माझ्या बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, सगळं उत्तम होणार. अगदी खात्रीनं म्हणाले."

"अरे देवा," साव्हेरियो म्हणाला. त्याला दुसरं काही समजवावं लागलं नाही. तो आमच्याच शहराचा होता.

त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. टीव्हीवर खेळाडू मैदानात येत होते, आणि स्टेडियमचा गलका आधी खिडकीतून आणि मग टीव्हीतून, असा दोनदा ऐकू येत होता. साव्हेरियोनं कपाळावरचा घाम पुसला. त्याचे सगळे मित्र तिथे बसले होते, त्याच्या एका वाक्याच्या भरवशावर. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, मला वाटलं आता हा निघून जाईल. मग तो बाबांच्या टेबलापाशी गेला आणि त्यांच्यासमोर उभा राहिला.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही उद्या मरणार."

बाबांनी खुर्ची पुढे ओढली, आणि तो बोलत राहिला.

"ऑपरेशनच्या टेबलावरच मरणार. भूल दिली की डोळे उघडणारच नाहीत. नवी झडप तर बसणारच नाही, मी स्वतः रोज झडपा बसवतो, मला विचारा. नाताळ बघणं तुमच्या नशिबात नाही. ही पोरगी रडत बसणार."

"नक्की?" बाबांनी विचारलं. त्यांचे डोळे चमकत होते.

"खात्रीनं सांगतो."

बाबा उठले. त्यांनी या साम्पदोरियावाल्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि दोन्ही गालांचे मुके घेतले. आमच्या बारमध्ये असलं दृश्य कुणी कधी पाहिलं नव्हतं. इवोनं नाक शिंकरलं. फुल्वियोनं चक्क स्वेटर काढला.

मग बाबा माझ्याकडे वळले. "आता तू म्हण."

"बाबा, नाही हं."

"म्हण ना. घरच्या माणसानंही म्हणायला नको का?"

मी काउंटरची लोखंडी कड धरली. "तुम्ही परत येणार नाही," मी म्हणाले.

"शाब्बास," बाबा म्हणाले. त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. हात थंड होता. "जा, माझी बॅग भर. निळा पायजमा घेऊ नकोस, तो साम्पदोरियाचा रंग."

साव्हेरियो मुकाट्यानं पुन्हा सिंकखाली शिरला आणि इवोनं त्याचा उजवा पाय अलगद उचलून फ्रीजला टेकवला. जन्मापासून मी एकाही डर्बीची पहिली शिट्टी चुकवली नव्हती. ती वाजली तेव्हा मी वरच्या खोलीत कपाट उघडून, डोळे पुशीत, निळा नसलेला पायजमा शोधत होते.